पूर्वजांच्या गावांची हरवलेली नावे: शोध कसा घ्यावा?

पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या पुस्तकात, सव्विसाव्या अध्यायात, इसहाकाची एक लहानशी हकिकत आहे. त्याचा पिता अब्राहाम याच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणून काढल्या आणि त्याच्या पित्याने दिलेली नावेच त्यांना पुन्हा दिली. विहीर खणणे समजण्यासारखे आहे, कारण पाण्याची गरज सर्वांनाच असते. पण जुने नाव शोधून ते पुन्हा देण्याची काय गरज होती? शास्त्रकाराने ही गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे. नावाबरोबर त्या जागेवरचा हक्क, तिच्याशी असलेले नाते आणि पित्याची आठवण या तिन्ही गोष्टी इसहाकाच्या हाती परत आल्या.

आज आपल्यातील अनेक कुटुंबे आपल्या पूर्वजांचा शोध घेऊ लागली आहेत. आजोबांचा किंवा पणजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला मिळवण्यासाठी ती धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात. नोंदवहीत नाव सापडते, तारीख सापडते, धर्मपिता व धर्ममाता यांची नावेही सापडतात. मात्र गावाच्या रकान्यात लिहिलेले नाव आजच्या कोणत्याही नकाशावर दिसत नाही. तेथे शोध थांबतो आणि कुटुंब निराश होऊन परत जाते. वास्तविक, गावाचे नाव सहसा पूर्णपणे नाहीसे होत नाही. त्यावर नवी नावे चढत जातात आणि जुने नाव खाली दडते. हे थर कसे चढतात हे समजले, तर ते उकलताही येतात. तेच या लेखात पाहू.

जांबे: एका नावाचे कोडे

उदाहरणासाठी आपण पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यातले जांबे हे गाव घेऊ. हिंजवडी, मारुंजी, नेरे या गावांच्या शेजारचे हे शेतकऱ्यांचे गाव. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र उभे राहिल्यापासून या संपूर्ण पट्ट्याचे रूप पालटत गेले. आता एखाद्या जुन्या नोंदवहीत रोमन लिपीत ‘जांबे’ असे लिहिलेले आपल्याला आढळले असे समजा. ते हेच जांबे आहे, असे लगेच म्हणता येईल काय?

नाही. शेजारच्याच मावळ तालुक्यात जांभूळ आणि जांभवडे ही गावे आहेत. शिरूर तालुक्यात जांबूत आहे. जालना जिल्ह्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे. जांभवडे नावाचे दुसरे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आहे. मराठी कानाला ‘ब’ आणि ‘भ’ यांतील भेद स्पष्ट कळतो. पण नोंद करणारे धर्मगुरू जर्मन, पोर्तुगीज किंवा इंग्रज असतील, तर त्यांच्या लेखणीतून तो भेद सहज निसटत असे. गावाच्या नावाचा शेवटचा अक्षरसमूह गळणे किंवा अनुस्वार नाहीसा होणे हेही नित्याचेच होते.

पोर्तुगीज भाषेतील नोंदींत आणखी एक अडचण येते. त्या भाषेत ‘श’ या उच्चारासाठी बहुधा एक्स हे अक्षर वापरतात आणि शब्दाच्या शेवटी अनुनासिक उच्चार येतो. त्यामुळे वसईचे ‘बसाइं’ झाले, मुंबईचे ‘बोंबाइं’ झाले, वांद्र्याचे ‘बांदोरा’ झाले. ‘व’ चा ‘ब’ होणे ही तर त्या नोंदींतील नेहमीची गोष्ट. म्हणून जुने नाव वाचताना ते डोळ्यांनी न वाचता मोठ्याने उच्चारून पाहावे. लिहिणारा परका होता, सांगणारा मात्र आपला माणूस होता. सांगणाऱ्याच्या तोंडचा शब्द आपल्याला ओळखायचा आहे.

एका फसव्या नावाबद्दल येथे इशारा द्यावासा वाटतो. साष्टी नावाचे दोन प्रदेश आहेत. एक मुंबईच्या उत्तरेकडचा आणि दुसरा गोव्यातील, ज्याला सासष्टी असेही म्हणतात. रोमन लिपीत दोन्हींची रूपे जवळजवळ सारखी आहेत. केवळ या एका नावावर विसंबून राहिल्यास शोध भलत्याच प्रांतात जाऊ शकतो.

तालुके बदलले, धर्मप्रांतही बदलले

नोंदीत गावाबरोबर तालुका लिहिलेला असला, तरी काम सोपे होतेच असे नाही. मुळशी हा पूर्वी स्वतंत्र तालुका नव्हता, तो पेटा होता. आजही तालुक्याचे नाव मुळशी असले, तरी त्याचे मुख्यालय पौड येथे आहे. त्याहून जुन्या कागदांत मावळ, खोरे आणि तर्फ ही विभागांची नावे येतात. पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे अशी नदीच्या खोऱ्यांवरून पडलेली ही नावे. आजच्या तालुक्यांच्या यादीत ती शोधून सापडणार नाहीत.

ख्रिस्तसभेच्या व्यवस्थेतही असेच बदल झाले. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. त्यातून १९८७ मध्ये नाशिक आणि २००५ मध्ये सिंधुदुर्ग हे धर्मप्रांत वेगळे झाले. मुंबई महाधर्मप्रांतातून १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत निर्माण झाला. मुंबई आणि आसपासच्या परिसरात तर पोर्तुगीज राजाश्रयाखालील ‘पाद्रुआदो’ आणि रोमच्या थेट अधिकाराखालील ‘प्रोपगांडा’ अशा दोन व्यवस्था दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदल्या. हा दुहेरी कारभार १९२८ साली संपला. तोपर्यंत एकाच वस्तीतील दोन शेजाऱ्यांच्या नोंदी दोन वेगवेगळ्या चर्चमध्ये होऊ शकत होत्या. म्हणून जवळच्या चर्चमध्ये नोंद मिळाली नाही, तर ती झालीच नव्हती असा निष्कर्ष काढू नये. ती घटना घडली तेव्हा ते गाव कोणाच्या अधिकारकक्षेत होते, हा प्रश्न आधी विचारावा.

शेताला नाव होते, मग क्रमांक आला

गावाचे नाव सापडले, तरी पूर्वजांचे घर कोठे होते, शेत कोठे होते, हे प्रश्न उरतातच. येथे आपल्या भूमीचा एक मोठा इतिहास दडलेला आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

इंग्रजी राजवटीपूर्वी दख्खनमधील गावांत शेतजमिनीचे मोठे भाग ‘थळ’ म्हणून ओळखले जात. थळाला बहुधा ज्या घराण्याने ते मूळात धारण केले त्याचे आडनाव असे. गावातील थळांची आणि शेतांची यादी म्हणजे ‘थळझाडा’, आणि गावांची यादी म्हणजे ‘देहझाडा’. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या जमीनधारणेवर लिहिलेला निबंध १८३५ साली प्रसिद्ध झाला. एखादे घराणे नामशेष झाले तरी त्याच्या थळाचे नाव तसेच चालू राहते, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. अशा जमिनीला ‘गतकुळी’ म्हणत. म्हणजे माणसे गेली, पण मातीने त्यांचे आडनाव सांभाळले.

त्यानंतर १८३६ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू झाली आणि पुढे ती सर्वत्र पसरली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. सरकारी कामासाठी क्रमांक सोयीचा होता. पण त्यामुळे शेताच्या नावाची सरकारदरबारी गरज उरली नाही. पुढे १९४७ च्या कायद्यानुसार जमिनींच्या एकत्रीकरणाची योजना आली आणि जेथे ती राबवली गेली, तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आता शहराजवळच्या गावांत गट नंबरावर इमारती उभ्या राहतात आणि लोक पत्ता सांगताना गृहसंकुलाचे नाव सांगतात. थळाचे नाव, सर्व्हे नंबर, गट नंबर आणि संकुलाचे नाव असे हे चार थर झाले. हिंजवडी, जांबे, मारुंजी या पट्ट्यात चौथा थर एका पिढीच्या डोळ्यांदेखत चढत आहे.

या संदर्भात इंग्लंडचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील चर्चला शेतीउत्पन्नाचा दशांश धान्यरूपाने द्यावा लागे. १८३६ च्या कायद्याने तो रोख रकमेत बदलला. त्यासाठी जे नकाशे आणि तक्ते तयार झाले, त्यांत प्रत्येक शेताला क्रमांक देण्यात आला. पण बहुतेक ठिकाणी क्रमांकासमोर शेताचे नाव, मालकाचे नाव आणि कसणाऱ्याचे नावही लिहिले गेले. आज तेथील खेड्यांत आपल्या कुळाचा शोध घेणारे लोक प्रथम हे दशांशाचे नकाशे उघडतात. १९२३ साली तेथे स्थळनामांच्या अभ्यासासाठी खास संस्थाही स्थापन झाली आणि एकेका परगण्यातील नावे छापली गेली. वर्ष तेच, १८३६. तेथे क्रमांकाबरोबर नावही कागदावर आले, तर आपल्याकडे क्रमांक कागदावर आला आणि नाव लोकांच्या ओठांवर राहिले. ओठांवरचे नाव टिकवायचे तर कोणीतरी ते लिहून घ्यावे लागते.

तरीही आपल्याकडे सर्व काही गमावलेले नाही. सातबाराच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. तो अनेकदा कोरा असतो, पण ज्या जुन्या उताऱ्यांत तो भरलेला आहे, तेथे कधी झाडाचे, कधी ओढ्याचे, तर कधी माणसाचे नाव मिळते. जुन्या नावाचा तो शेवटचा धागा असू शकतो.

पाण्याखाली आणि साथीत गेलेली गावे

काही गावांची नावे बदलली नाहीत, तर गावेच उठली. मुळशी तालुक्याला याचा कटू अनुभव आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा सुमारे ५० गावांच्या जमिनींवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले. लढा चालला, शेतकऱ्यांनी तुरुंगवास भोगला, पण धरण झाले. भातखाचरे, घरे आणि पाणवठे पाण्याखाली गेले. काही लोक काठावरच्या उंच जागी सरकले आणि त्यांनी गावाचे नावही बरोबर नेले. त्यामुळे आज नकाशावर दिसणारे गाव आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कागदातील त्याच नावाचे गाव एकाच जागी असेल असे नाही.

आपल्या ख्रिस्ती समाजातही असे घडले आहे. मुंबईतील कोंडिविटे येथे येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली संत योहान बाप्तिस्त याच्या नावाने चर्च बांधले. १८४० साली तेथे साथ आली, लोकांनी वस्ती सोडली आणि धर्मग्राम मरोळ येथे हलवण्यात आला. जुन्या चर्चचे अवशेष पुढे १९७३ साली उभ्या राहिलेल्या सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात राहिले. मरोळच्या एखाद्या कुटुंबाने १८४० पूर्वीचा शोध घेताना कोंडिविटे हे नाव ध्यानात ठेवले नाही, तर त्याला आपली मुळे सापडणार कशी?

ओसाड पडलेल्या गावासाठी आपल्या महसुली भाषेत एक हृदयाला भिडणारा शब्द आहे: ‘बेचिराख’. चिराग म्हणजे दिवा. जेथे दिवा लागत नाही ते बेचिराख. जुन्या याद्यांत एखाद्या गावापुढे हा शब्द दिसला, तर तेथील लोक कोणत्या शेजारगावी गेले हे पाहावे. अनेकदा त्यांची आडनावे किंवा त्यांची वाडी शेजारच्या गावात सापडते. गावकऱ्यांच्या बोलण्यात ‘पांढरी’ किंवा ‘जुने गावठाण’ असा उल्लेख आला, तर तेथे पूर्वी वस्ती होती असे समजावे.

राज्य बदलले की नावही बदलते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर मराठी अमलात तिला बाजीपूर असे नाव मिळाले. इंग्रजी अमलात ती ‘बॅसिन’ झाली आणि पुन्हा वसई झाली. आपल्या डोळ्यांसमोर २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, उस्मानाबाद धाराशिव झाला आणि २०२४ मध्ये अहमदनगर अहिल्यानगर झाले. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या कित्येक कुटुंबांच्या दाखल्यांवर अहमदनगर हेच नाव आहे. आणखी ५० वर्षांनी त्यांच्या नातवंडांना ही दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची आहेत हे कोणीतरी सांगावे लागेल.

शोधाचा क्रम

आता प्रत्यक्ष काम कसे करावे ते पाहू.

प्रथम घरातील कागद. जुनी प्रार्थनापुस्तके, शाळा सोडल्याचे दाखले, विवाहाच्या पत्रिका, थडग्यावरील मजकूर, पत्रांवरील टपालाचे शिक्के या सर्वांतून गावाची नावे मिळतात. नाव जसे लिहिले आहे तसेच उतरवून घ्यावे. आपल्या समजुतीने ते सुधारू नये.

दुसरे, धर्मग्रामाच्या नोंदवह्या. विवाहाच्या नोंदी ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली घालून दिला. पुढे १९०८ पासून लागू झालेल्या आदेशानुसार विवाहाची माहिती त्या व्यक्तीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोरही लिहिली जाऊ लागली. त्यामुळे समासातील बारीक अक्षरांतील टीप मुख्य नोंदीइतकीच मोलाची असते. मुलीचा विवाह कोणत्या चर्चमध्ये झाला हे तेथे कळते आणि शोधाला दुसरे गाव मिळते. धर्मपिता व धर्ममाता यांची गावेही पाहावीत. पूर्वी ती बहुधा जवळच्या नात्यातील किंवा शेजारची माणसे असत. नोंदवही पाहण्यासाठी प्रमुख धर्मगुरूंची परवानगी घ्यावी. त्यांत इतर कुटुंबांच्या खासगी बाबी असतात, म्हणून आपल्यापुरतीच माहिती घ्यावी. पाने हाताळताना ती जीर्ण आहेत याचे भान ठेवावे.

तिसरे, महसुली कागद. तलाठी कार्यालयातील सातबारा आणि फेरफार, भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशा, आणि एकत्रीकरणाचे उतारे, ज्यांवरून जुन्या सर्व्हे नंबराचा नवा गट नंबर कोणता हे कळते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला, तेव्हा त्यानंतरच्या फेरफारांतून वारसांची साखळी लावता येते. त्याआधीचे कागद बहुधा मोडी लिपीत असतात. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत जतन केलेले आहेत. त्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ म्हणतात. आपल्या तरुणांपैकी काहींनी मोडी शिकून घेतल्यास साऱ्या समाजाची सोय होईल.

चौथे, छापील ग्रंथ. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली आणि पुणे जिल्ह्याचे १८८५ साली प्रसिद्ध झाले. त्या काळातील गावे, बाजार, रस्ते आणि तालुके यांची माहिती त्यांत आहे. गावाच्या नावापुढील बुद्रुक आणि खुर्द हे शब्द वगळू नयेत. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. ती दोन वेगळी गावे आहेत.

पाचवे, आणि वेळेच्या दृष्टीने सर्वांत तातडीचे, वृद्धांची आठवण. कागद आणखी दहा वर्षांनीही कपाटात मिळेल. माणूस मिळेलच असे नाही. त्यांना ‘आपले मूळ गाव कोणते?’ एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. ‘पाणी कोठून आणत होता? गुरे कोठे चरायला जात? बाजार कोणत्या गावी भरे? त्या रानाला काय म्हणत?’ असे विचारावे. बाजाराच्या गावावरून गावाचा परिसर निश्चित होतो. पाणवठ्याच्या आणि रानाच्या नावावरून नेमकी जागा कळते. गावी जाणे शक्य असेल, तर तेथील जुन्या शेतकऱ्यांना नम्रतेने भेटावे. ते बहुधा ख्रिस्ती नसतील. पण आपल्या पूर्वजांच्या शेजाऱ्यांची ती नातवंडे असू शकतात. जमिनीच्या हक्कासाठी कोणी आले आहे की काय अशी शंका त्यांना येऊ शकते. म्हणून येण्याचा हेतू आधीच स्पष्ट सांगावा.

या सर्व कामात एक नियम पाळावा. नाव जुळते एवढ्यावरून गाव ठरवू नये. नावाचे साम्य, आडनावाचा आढळ, चर्चचे अंतर, बाजाराचे गाव यांपैकी किमान दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांशी जुळले पाहिजेत. तोपर्यंत वंशावळीत त्या गावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. खोट्या खात्रीपेक्षा प्रामाणिक प्रश्नचिन्ह पुढच्या पिढीच्या अधिक उपयोगी पडते.

आपल्या हातात असलेले काम

आज वसई, गोवा, अहिल्यानगर अशा ठिकठिकाणांहून नोकरीनिमित्त आलेली ख्रिस्ती कुटुंबे पुणे शहराच्या सीमेवरील गावांत घर करून राहत आहेत. त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे होतात आणि पत्त्याच्या रकान्यात एखाद्या गृहसंकुलाचे इंग्रजी वळणाचे नाव आणि सदनिकेचा क्रमांक लिहिला जातो. उद्या ती इमारत पाडून दुसरी उभी राहील, संकुलाचे नाव बदलेल, गाव महापालिकेत जाईल. मग १०० वर्षांनी नोंदवही उघडणाऱ्या पणतूला काय कळणार? जी अडचण आज आपल्याला आहे, तीच आपण त्याच्यासाठी तयार करून ठेवत आहोत.

म्हणून आमची नम्र सूचना आहे की बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची माहिती देताना संकुलाच्या नावाबरोबर महसुली गावाचे नाव, तालुका आणि शक्य असल्यास कुटुंबाचे मूळ गाव आवर्जून सांगावे. धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूहांनी आणि युवक मंडळांनी आपापल्या विभागातील वाड्या, पाखाड्या, विहिरी, बावखले, ओढे आणि शेते यांची जुनी नावे वृद्धांकडून विचारून एका वहीत उतरवावीत. नाव कोणी सांगितले आणि कोणत्या वर्षी, हेही लिहावे. हे काम करण्यासाठी पदवी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. एक वही, थोडा वेळ आणि ऐकण्याची तयारी एवढे पुरेसे आहे.

ज्यांच्या श्रमांवर आपण उभे आहोत, त्या माणसांची घरे आणि शेते आज आपल्या ताब्यात नसतील, कदाचित त्यांवर पाणी असेल किंवा उंच इमारत असेल. तरी त्या जागेचे नाव आपण मुलांना सांगू शकतो. पित्याने दिलेली नावे इसहाकाच्या ध्यानात होती, म्हणूनच तो ती विहिरींना पुन्हा देऊ शकला. आपल्या घरातील वृद्धांना ती अजून ठाऊक आहेत. या रविवारी मिस्सा झाल्यावर त्यांच्याजवळ बसून ती विचारून घेऊ या.